आधी ऑपरेशन, मग निदान

शुक्रवारी संध्याकाळी पावणेपाचला फोन वाजला तेव्हा मी लॅबमध्ये गाळाचे नमुने वजन करून बाटल्यांत भरत होते. हॉस्पिटलच्या पोर्टलचा मेसेज होता: नवा रिपोर्ट आला आहे. नऊ दिवसांपूर्वी माझ्या थायरॉइडचा डावा भाग काढला होता. ऑपरेशननंतर सर्जन म्हणाली होती, "छान झालं सगळं. बहुतेक साधीच गाठ असणार." त्यामुळे मी हातमोजे काढून, अगदी सहज, तो रिपोर्ट उघडला.

दुसऱ्याच ओळीत 'फॉलिक्युलर कार्सिनोमा' असे दोन शब्द होते.

सर्जनच्या ऑफिसला फोन केला, तर सोमवारी या असं सांगणारं रेकॉर्डिंग लागलं. भारतात पहाटेचे सव्वातीन वाजले होते. मी परत हातमोजे घातले आणि उरलेल्या अकरा नमुन्यांची वजनं केली. ती वजनं बरोबर आली होती, हे मी नंतर तपासलं. मधल्या तासाभरातलं दुसरं काहीच मला आठवत नाही.

आमच्या पॉडकास्टवर आम्ही एरवी आपापल्या संशोधनाबद्दल गप्पा मारतो. या विषयावर भाग करायचं ठरलं तेव्हा मी म्हटलं, आधी लिहून काढते. कारण त्या शनिवार-रविवारी मला मराठीत कुणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवं होतं, आणि तसं काही हाती लागलं नव्हतं. थायरॉइडचा कॅन्सर विशी-तिशीतल्या बायकांमध्ये बऱ्यापैकी आढळतो. म्हणजे तुमच्यापैकी कुणाला, किंवा तुमच्या एखाद्या मैत्रिणीला, कधीतरी हे लागू शकतं. एक गोष्ट आधीच सांगते: मी डॉक्टर आहे ती तळ्याच्या गाळाची. पुढचं वाचून समज वाढावी एवढीच इच्छा आहे. औषधं आणि निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

आधी का नाही कळलं?

घरच्यांचा पहिला प्रश्न हाच होता, आणि माझाही. गाठीत दोनदा सुई घातली होती. मग कॅन्सर आहे की नाही हे कळायला ऑपरेशन का लागावं?

थायरॉइड ही गळ्याच्या खालच्या बाजूला, श्वासनलिकेपुढे बसलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. तिच्यात गाठी होणं फार सामान्य आहे. सोनोग्राफी करत सुटलं तर मोठ्या माणसांपैकी निम्म्यांपर्यंत लोकांत काही ना काही सापडतं. त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतात. संशय वाटला तर बारीक सुईने थोड्या पेशी ओढून घेतात आणि पॅथॉलॉजिस्ट त्या मायक्रोस्कोपखाली बघतो. निकाल सहा वर्गांत देतात. या पद्धतीला बेथेस्डा पद्धत म्हणतात, कारण ती ठरवणारी बैठक २००७ साली अमेरिकेतल्या बेथेस्डा या गावी झाली. दुसरा वर्ग म्हणजे साधी गाठ, सहावा म्हणजे कॅन्सर. तिसरा आणि चौथा म्हणजे, सरळ मराठीत, 'सांगता येत नाही'. माझी गाठ चौथ्यात होती. अशा गाठींपैकी साधारण चारांत एक ते तिघींत एक कॅन्सरची निघते.

पॅपिलरी हा थायरॉइडचा सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर. तो बहुतेकदा पेशींच्या रूपावरून ओळखता येतो, त्यांची केंद्रकं वेगळी दिसतात. फॉलिक्युलर प्रकाराचं तसं नाही. त्याच्या पेशी साध्या फॉलिक्युलर गाठीच्या पेशींसारख्याच दिसतात. फरक एवढाच, की कॅन्सरच्या पेशी गाठीभोवतीचं आवरण फोडून बाहेर येतात किंवा रक्तवाहिन्यांत शिरतात. हे बघायचं तर अख्खं आवरण हवं. सुईने विटा मिळतात, भिंत मिळत नाही. आणि भिंतीला भगदाड आहे का, हा प्रश्न विटांना विचारून सुटत नाही.

मला हे पटकन पटलं, कारण आमच्या कामातही तेच होतं. तळ्याच्या मधोमध एक नळी खुपसून काढलेला गाळ मला खूप काही सांगतो, पण तळ्याचा बांध कुठे फुटला होता हे त्यातून कळत नाही. सुईच्या नमुन्यावर आता जनुकीय चाचण्याही होतात. माझी केली होती, 'संशयास्पद' आली. म्हणून त्या बाजूचा भाग काढून पाहणं हेच निदान होतं. कुणी चुकलं नव्हतं. हे मला स्वतःला पटायला आठवडा लागला, आणि पटल्यावर बरंच हलकं वाटलं.

आणखी काही जणांना निदान याहून अनपेक्षितपणे होतं. गलगंडासाठी किंवा थायरॉइडच्या अतिकार्यासाठी ग्रंथी काढतात आणि तिच्यात कुठेतरी चार मिलिमीटरचा पॅपिलरी कॅन्सर सापडतो. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. फिनलंडमध्ये दुसऱ्याच कारणांनी मृत्यू पावलेल्या लोकांच्या थायरॉइडचे बारीक काप करून पाहिले, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त जणांत असे सूक्ष्म कॅन्सर मिळाले. तो अभ्यास १९८५ साली छापून आला. आणि जपानमध्ये कोबे इथल्या कुमा हॉस्पिटलने १९९३ पासून एक सेंटिमीटरपर्यंतच्या कमी धोक्याच्या गाठी न काढता नुसत्या लक्ष ठेवून पाहिल्या. दहा वर्षांत त्यातल्या साधारण ८ टक्केच ठळकपणे वाढल्या, आणि त्या तेव्हा काढता आल्या.

रिपोर्ट वाचताना

अमेरिकेत एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या एका केंद्रीय नियमामुळे चाचण्यांचे निकाल तयार होताच रुग्णाला पोर्टलवर दिसतात. म्हणजे बरेचदा तुम्ही डॉक्टरच्या आधी वाचता. मला माहिती लपवलेली आवडली नसती, पण शुक्रवारी संध्याकाळी एकटीने वाचायलाही आवडलं नाही. आता माझा नियम असा आहे: रिपोर्ट येणार असेल त्या आठवड्यात मोबाइलवरच्या सूचना बंद, आणि वाचायचा तो कुणाला तरी शेजारी बसवून, सकाळी, ऑफिसं उघडी असताना.

रिपोर्ट उघडलाच, तर 'कार्सिनोमा' या शब्दावर थांबू नका. त्याच्या खालच्या ओळींत जास्त माहिती असते.

गाठीचा आकार बघा. प्रकार बघा: पॅपिलरी की फॉलिक्युलर, आणि त्याच्या उपप्रकाराचं नाव, कारण काही उपप्रकार जास्त आक्रमक असतात. आवरण फुटलंय का, किती ठिकाणी. रक्तवाहिन्यांत शिरकाव आहे का, आणि किती वाहिन्यांत. फॉलिक्युलरमध्ये ही ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण तो रक्तावाटे फुप्फुसांत किंवा हाडांत जाऊ शकतो. पॅपिलरी जास्त करून मानेतल्या लसिका ग्रंथींत जातो, म्हणून तिथे त्या किती तपासल्या आणि कितींत पेशी मिळाल्या हे बघायचं. थायरॉइडच्या बाहेर पसरलाय का. कापलेल्या कडा स्वच्छ आहेत का.

माझ्या रिपोर्टमध्ये होतं: २.६ सेंटिमीटर, आवरण एका ठिकाणी फुटलेलं, रक्तवाहिन्यांत शिरकाव नाही, कडा स्वच्छ. शुक्रवारी हे चारही मुद्दे माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मला त्यातलं काहीच दिसलं नाही. रविवारी कागद-पेन घेऊन बसले तेव्हा दिसलं.

आता 'स्टेज'. थायरॉइडच्या या दोन्ही प्रकारांत स्टेज ठरवताना वय मोजतात, हे बहुतेकांना माहीत नसतं. २०१८ पासून वापरात असलेल्या नियमांनुसार ५५ वर्षांखालच्या माणसाची स्टेज एक किंवा दोनच असू शकते. शरीरात दूर कुठे पसरला असेल तर दोन, नाहीतर एक. तिसरी-चौथी नाहीच. कारण तरुण वयात हा आजार औषधोपचाराला फार चांगला प्रतिसाद देतो. पण यात एक मेख आहे. स्टेज जीव जाण्याचा धोका सांगते, आजार पुन्हा उद्भवण्याचा नाही. मानेतल्या ग्रंथींत पसरलेला पॅपिलरी कॅन्सर असलेली पंचवीस वर्षांची मुलगी स्टेज एकमध्येच असते, तरी तिला दुसरं ऑपरेशन लागू शकतं. म्हणून डॉक्टरला दोन वेगळे प्रश्न विचारायचे: जिवाला धोका किती, आणि परत यायची शक्यता किती?

एक शब्द आणखी. 'एनआयएफटीपी' अशी अक्षरं दिसली तर दचकू नका. पूर्वी हा पॅपिलरी कॅन्सरचाच एक प्रकार समजत. २०१६ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने पुरावे पाहून त्याच्या नावातून 'कार्सिनोमा' शब्दच काढून टाकला. गाठ तीच, पेशी त्याच. नाव बदललं आणि लोकांचा कॅन्सर संपला.

उरलेला अर्धा भाग

सोमवारी सर्जनकडे गेले. तिने रिपोर्ट आधी पोर्टलवर आल्याबद्दल माफी मागितली आणि मग दोन पर्याय ठेवले. उरलेला उजवा भागही काढायचा, किंवा तो ठेवून लक्ष ठेवायचं.

मी विचारलं, "तुम्ही काय कराल?"

ती म्हणाली, "दोन्ही बरोबर आहेत."

हे वाक्य मला कॅन्सर या शब्दापेक्षा जड गेलं. बाबा फोनवर म्हणाले, "काढून टाक सगळं, कटकट नको." दादाने रात्रभर शोधनिबंध वाचून उलट सांगितलं. आईने एवढंच विचारलं, "दुसरं ऑपरेशन झालं तर मला व्हिसा मिळेल का गं तोवर?"

'दोन्ही बरोबर' याचा अर्थ असा. पूर्वी एक सेंटिमीटरपेक्षा मोठा कॅन्सर असेल तर सरसकट पूर्ण ग्रंथी काढत. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनी एक ते चार सेंटिमीटरच्या, बाहेर न पसरलेल्या, कमी धोक्याच्या कॅन्सरसाठी अर्धी ग्रंथी काढणंही पुरेसं मानलं. पूर्ण काढली तर पुढे देखरेख सोपी होते. थायरोग्लोब्युलिन नावाचं प्रथिन फक्त थायरॉइडच्या पेशीच तयार करतात, त्यामुळे ग्रंथीच नसताना ते रक्तात वाढलं तर लगेच कळतं. गरज पडली तर किरणोत्सारी आयोडीनही देता येतं. पण दुसऱ्या बाजूला आयुष्यभराची गोळी नक्की होते, आवाजाच्या नसेला दुसऱ्यांदा धोका येतो, आणि थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या ज्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, त्यांना धक्का लागला तर कॅल्शियम घसरतं. ओठांना, बोटांना मुंग्या यायला लागल्या तर ते त्याचं लक्षण, आणि तेव्हा लगेच फोन करायचा असतो.

मी डॉक्टरेट बर्नमध्ये केली. तिथे कोखर नावाचा रस्ता आहे, कोखर नावाची बाग आहे. पाच वर्षं त्या रस्त्यावरून गेले आणि हा माणूस कोण हे कधी विचारलं नाही. थिओडोर कोखर हा बर्नचा सर्जन. आल्प्समध्ये मातीत आणि पाण्यात आयोडीन कमी, त्यामुळे गलगंड घरोघरी. कोखरने थायरॉइडचं ऑपरेशन इतकं सुरक्षित केलं की त्याला १९०९ साली नोबेल मिळालं. पण त्याआधी, १८८३ मध्ये, त्यानेच जाहीरपणे मांडलं होतं की पूर्ण ग्रंथी काढलेले त्याचे अनेक रुग्ण नंतर सुजलेले, मंद, थंडीने गारठलेले झाले. तोवर या ग्रंथीचं काम काय हेच नीट माहीत नव्हतं. नंतर त्याने साध्या गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी काढणं थांबवलं. आज गोळी आहे, त्यामुळे तशी अवस्था होत नाही. तरी 'काढून टाक, कटकट नको' हे वाक्य किती जुनं आहे, एवढं मला त्यातून कळलं.

मी दोन गोष्टी केल्या. एक, माझ्या गाठीच्या काचपट्ट्या दुसऱ्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायला सांगितल्या. फॉलिक्युलर गाठींवर दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टांचं मत वेगळं पडू शकतं, हे त्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. अशी मागणी केली की डॉक्टर रागावतील असं मला वाटत होतं. कुणीही रागावलं नाही. दोन, कागदावर लिहिलं की यातल्या कुठल्या निर्णयाचा मला पुढे पश्चात्ताप होईल. अडीच आठवड्यांनी दुसरं मत तेच आलं. मी अर्धी ग्रंथी ठेवली. माझ्यासारखाच रिपोर्ट असलेल्या एखादीने पूर्ण काढायचं ठरवलं, तर तिचंही बरोबरच आहे. 'दोन्ही बरोबर' म्हणजे सर्जन जबाबदारी टाळत होती असं मला आधी वाटलं. ती खरं तेच सांगत होती.

'चांगला कॅन्सर'

हे मला पहिल्या महिन्यात निदान दहा जणांनी सांगितलं. "अगं, व्हायचाच असेल तर हाच बरा." एका नर्सनेही सांगितलं.

आकडे त्यांच्याच बाजूने आहेत, ते मी नाकारत नाही. थायरॉइड कॅन्सरचा एकत्रित पाच वर्षांचा तगण्याचा दर अमेरिकेत ९८ टक्क्यांच्या आसपास आहे. दक्षिण कोरियाचं उदाहरण तर प्रसिद्धच आहे. तिथे १९९९ पासून कॅन्सरच्या राष्ट्रीय तपासण्या सुरू झाल्या आणि सोबत थोड्या पैशांत थायरॉइडची सोनोग्राफीही लोक करून घेऊ लागले. २०११ मध्ये या कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झालं. मृत्यूंचं प्रमाण होतं तेवढंच राहिलं. म्हणजे सापडलेल्यांपैकी बहुतेकांना त्या गाठीने आयुष्यभर काहीही केलं नसतं.

पण याच वाक्याचा दुसरा परिणाम बघा. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी उत्तर अमेरिकेतल्या हजाराहून अधिक थायरॉइड कॅन्सर झालेल्या लोकांना त्यांच्या जगण्याबद्दल विचारलं. त्यांनी सांगितलेला जीवनमानाचा दर्जा इतर, कितीतरी घातक कॅन्सरमधून गेलेल्या लोकांइतकाच किंवा त्याहून कमी निघाला. कारणं समजण्यासारखी आहेत. आजार तरुणपणी होतो, म्हणजे देखरेखीची वर्षं खूप. हार्मोन खालीवर झाले की थकवा, मन उदास, वजनात फरक. आणि वर, कुरकुर करायचा हक्क नाही, कारण आपला कॅन्सर 'चांगला'.

खर्चाचंही तसंच. वॉशिंग्टन राज्यातल्या कर्करुग्णांच्या नोंदी दिवाळखोरीच्या नोंदींशी जोडून पाहणारा एक अभ्यास २०१३ साली आला. त्यात दिवाळखोरीचं प्रमाण थायरॉइड कॅन्सरच्या रुग्णांत सगळ्यात जास्त होतं. तरुण माणसाकडे साठवलेलं कमी असतं आणि नोकरी नवी असते. आपल्यापैकी पोस्टडॉक किंवा नव्या नोकरीतल्यांसाठी एक व्यावहारिक गोष्ट: अमेरिकेत आजारपणासाठी नोकरी राखून मिळणाऱ्या बारा आठवड्यांच्या बिनपगारी रजेचा केंद्रीय कायदा आहे, पण साधारणपणे त्याच मालकाकडे बारा महिने काम झालेलं लागतं. मला अकरा झाले होते. तेव्हा ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधी एचआरला आणि विमा कंपनीला लेखी विचारा.

मग कुणाला हे निदान झालं तर म्हणायचं काय? माझ्या लॅबमधली एक मुलगी म्हणाली, "पुढची अपॉइंटमेंट कधी आहे? मी गाडी चालवते, तू वही धर." त्या महिन्यातलं मला सगळ्यात उपयोगी पडलेलं वाक्य ते होतं.

घरी सांगताना

आमच्या घरात कॅन्सर हा शब्द उच्चारत नाहीत. आजीच्या वेळी 'तिचं ते दुखणं' असंच म्हणत. मी दोन दिवस थांबले, आणि ते बरं केलं असं अजूनही वाटतं. शुक्रवारी मला फक्त एक शब्द माहीत होता. रविवारी रात्री मला चार ओळी सांगता येत होत्या. भारतात सोमवारची सकाळ होती, दादा घरी होता. मी आधी त्याला सांगितलं, मग आई-बाबांना.

आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "जेवलीस का?"

मी हो म्हटलं. खोटं होतं.

त्यानंतर फोन रोज आले, आणि प्रत्येक नातेवाइकाला तेच परत सांगून मी दमले. शेवटी दादाने घरच्या ग्रुपवर पाच ओळींचा मेसेज टाकला: काय आहे, काय नाही, पुढची तारीख कोणती, फोन कुणाला करायचा. फोन त्याला करायचा. परदेशात एकटं राहणाऱ्या प्रत्येकाला असा एक माणूस आधीच ठरवून ठेवायला हरकत नाही.

मावशीने कांचनार गुग्गुळ आणि अश्वगंधा पाठवून द्यायची तयारी केली. प्रेमानेच. मी तिला सांगितलं की अश्वगंधाने थायरॉइडच्या हार्मोनची पातळी वाढू शकते, मग माझ्या रक्ताचे रिपोर्ट वाचता येणार नाहीत. 'खोटं आहे ते सगळं' असं म्हटलं असतं तर भांडण झालं असतं. 'रिपोर्ट बिघडेल' हे तिला लगेच पटलं.

गोळी, चहा आणि आयोडीन

अर्धी ग्रंथी राहिली तरी काही जणांना गोळी लागते. मला चार महिन्यांनी लागली, कमी डोसची. पूर्ण काढली तर ती रोज, कायमची. लेव्होथायरॉक्सिन हे आपलं शरीर तयार करतं तेच हार्मोन. ते शरीरात हळू कमी होतं, निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणून डोस बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनीच परत बघतात. मधल्या काळात 'गोळी लागू पडत नाही' असं वाटणं साहजिक आहे. थकवा खरा असतो, पण डोस आपण होऊन वाढवायचा नसतो.

गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. आणि चहा नंतर. मला यातलं सगळ्यात कठीण हेच गेलं. कॉफी आणि दूध दोन्ही गोळी शोषली जाण्यात अडथळा आणतात, आणि आपला चहा म्हणजे निम्मं दूधच. अर्धा तास तरी थांबायचं, तासभर झाला तर उत्तम. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास लांब. संकष्टीला, एकादशीलाही गोळी घ्यायची. पाण्याने उपास मोडत नाही. केसांसाठीच्या व्हिटॅमिनमध्ये बायोटिन असतं, त्याने रक्ततपासणीचे आकडे चुकतात. तपासणीआधी निदान दोन दिवस ते बंद ठेवा आणि डॉक्टरला सांगा. आणि दिवस राहिले असं कळलं की लगेच फोन, कारण गरोदरपणात डोस बहुधा वाढवावा लागतो.

किरणोत्सारी आयोडीन मला लागलं नाही, कमी धोक्याच्या अनेकांना लागत नाही. ज्यांना लागतं त्यांना आधी एक-दोन आठवडे आयोडीन कमी असलेला आहार सांगतात, म्हणजे उरलेल्या थायरॉइड पेशी आयोडीनसाठी भुकेल्या होतात. आयोडीनयुक्त मीठ, दूध-दही-पनीर, अंड्याचा बलक, मासे आणि बाहेरचं खाणं बंद. आपल्या स्वयंपाकाला हे तसं जमतं: भाकरी, भात, वरण, भाज्या, शेंगदाणे, फळं, सगळं आयोडीन नसलेल्या मिठात. साठवणीचं लोणचं आणि विकतचे पापड मात्र दूर ठेवा, त्यांत कुठलं मीठ होतं कुणास ठाऊक. डोस घेतल्यावर काही दिवस वेगळं झोपायचं, लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहायचं. हे आयोडीन आठ दिवसांत निम्मं होतं, तरी विमानतळावरची किरणोत्सार ओळखणारी यंत्रं काही आठवड्यांनंतरही वाजू शकतात. भारतात जायचं तिकीट काढलं असेल तर हॉस्पिटलचं पत्र बरोबर ठेवा. बाळाचा विचार असेल तर बायकांना सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात; हे आधीच विचारून घ्या.

तपासणीचा आठवडा

आता चौदा महिने झाले. गळ्यावरची रेघ फिकी झाली आहे. उन्हात जाताना सनस्क्रीन लावते आणि फोटोत ती दिसली तर दिसू देते. आवाज पहिले दोन महिने लवकर थकायचा, पॉडकास्टच्या जुन्या भागांत तो ऐकू येईल. आता थकत नाही.

दर सहा महिन्यांनी मानेची सोनोग्राफी आणि रक्ततपासणी असते. त्याआधीचा आठवडा वाईट जातो. गिळताना काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, मानेला हात जातो, जुना रिपोर्ट परत उघडला जातो. ९८ टक्के हा आकडा त्या आठवड्यात काही कामाचा नसतो. तो सगळ्यांचा मिळून असतो, आणि सोनोग्राफीच्या टेबलावर मी एकटीच असते. तेव्हा मी वही काढते. एका पानावर 'माहीत आहे' आणि समोरच्या पानावर 'माहीत नाही'. माहीत आहे: २.६ सेंटिमीटर, एकाच ठिकाणी फुटलेलं आवरण, रक्तवाहिन्या मोकळ्या, कडा स्वच्छ, दोन सोनोग्राफी चांगल्या. माहीत नाही: पुढची कशी असेल. त्या दुसऱ्या पानावर एकच ओळ असते. ती ओळ कायम राहणार आहे, हे मला मान्य करायला वर्ष लागलं.

पुढची सोनोग्राफी येत्या मंगळवारी, सकाळी सव्वानऊला आहे. गोळी सहाला, चहा सातला, आणि लॅबमधली ती मुलगी साडेआठला गाडी घेऊन येणार आहे. रिपोर्ट पोर्टलवर त्याच दिवशी येईल. मी तो बुधवारी सकाळी उघडेन, दादाला व्हिडिओ कॉलवर घेऊन.